नसलेल्यांची विभक्ती

काल पाठ केलेले बारा शब्द
सकाळी मोजले तर सात भरले.
दुपारी दुकानात दोर मापता मापता
आणखी पाच सांडले.
संध्याकाळी एक आपणहून परत आला: टॉवेल.
आता रशियनमध्ये टॉवेल मी कुणाकडे मागू?

घरभर चिठ्ठ्या. दारावर दार, खिडकीवर खिडकी,
आरशावर आरसा, आणि त्याखाली
एकोणसाठ वर्षांचं माझं तोंड, ओठ हलवणारं.
मांजराला लावलेली चिठ्ठी मांजरानं खाल्ली.
बरणीवरून गळालेलं मीठ परवा कपाटाखाली सापडलं,
फुंकर मारून वाचलं,
तर शेवटचा ल मऊ की टणक, काही केल्या आठवेना.
जिभेवर दोन्ही ठेवून पाहिले.
दोन्ही खारट.

व्याकरणाचं पुस्तक ग्रंथालयानं रद्दीत काढलेलं.
सहा विभक्त्या त्यात.
सहा पोरं घेऊन बर्फावरून निघालेल्या बाईसारखी
मी दर दहा पावलांवर मागे वळून मोजते.
पाच. नेहमी पाचच.
आणि हरवलेलं पोर दर वेळी वेगळं.

विसरायलाही त्यांच्याकडे दोन क्रियापदं:
ज़बीत, म्हणजे एकदाचं विसरून जाणं,
ज़बिवात, म्हणजे विसरत राहणं.
मला दोन्ही उत्तम जमतं.
फक्त कुठलं कुठलं, ते राहत नाही.

शेजारचा आस्लाक स्लेज भिंतीला टेकवून आत येतो,
कॉफी ओतून घेतो, चिठ्ठ्या बघत फिरतो.
"आमच्या आज्याला सामी विसरायला
सहा वर्षं लागली गुनवोर, तीही बोर्डिंगात, छडी खाऊन.
तुझं एका रात्रीत होतं. फुकट."
हसतो. मग पुस्तक उलटं धरून
माझी परीक्षा घेतो. ती लिपी
त्याला सुलटीही येत नाही,
पण मी चुकले की त्याला बरोबर कळतं.
म्हणतो, चुकताना तू खिडकीबाहेर बघतेस.

खिडकीबाहेर किर्केनेसचा डिसेंबर.
दुपारी बाराला थोडं निळं होतं, तेवढंच.
कोपऱ्यावरची रस्त्याची पाटी दोन भाषांत,
खालची ओळ मला आता अडखळत वाचता येते,
आता, जेव्हा ती वाचणारं कुणी येत नाही.

रिम्मा यायची. ट्रॉलरवरची स्वयंपाकीण.
धार लावायचा दगड घ्यायची, रबरी हातमोजे,
आणि मी हिशेब सांगताना चुकले
की नखानं काउंटरवर एकदा टकटक करायची,
बरोब्बर त्या प्रत्ययावर.
सुधारून कधी सांगितलं नाही तिनं.
टकटक, आणि वाट बघायची,
मागे रांग असली तरी.

तिच्याकडून एवढं एकच कळलं होतं:
जे आहे, ते आहे तसंच राहतं.
जे नाही, त्याचं शेपूट बदलतं.
दूध आहे, तर दूध.
दूध नाही म्हटलं, की दुधाचं वेगळं रूप.
भाऊ नाही, पैसे नाहीत, वेळ नाही,
सगळ्या नसलेल्यांची एकच विभक्ती.
आणि अनेकवचनात तर विचारू नका,
अंधारातला जिना, कुठली पायरी कुठे ते
पाय आपटल्यावरच कळावं.
अनेकवचन मला कधी जमलं नाही.
ती उन्हाळ्यात म्हणाली होती, पुढच्या खेपेला शिकवते.

आज दुकान बंद करून धक्क्यावर गेले.
का, ते माहीत नाही. दिवे चालू होते.
लोखंडी खुंट्यांवर बर्फाच्या टोप्या,
त्यांना एकही दोर नाही.
पाणी काळं, अगदी मोकळं, सीमेकडे निघालेलं.
आणि तोंडातून निघून गेलं,
विचार न करता, चिठ्ठी न बघता:
न्येत करब्ल्येय.
जहाजं नाहीत.

थांबले. पुन्हा म्हटलं.
कठड्यावर हातमोज्यातल्या बोटानं
शेवटच्या अक्षरावर टकटक केली. आवाज झाला नाही.
बरोबर होतं ते.
बरोबर आहे म्हणायला कुणी नव्हतं,
आणि त्या "कुणी"लाही तीच विभक्ती लागते.

घरी येऊन हात धुतले, पुसले.
कशाने,
ते काही आठवलं नाही.